लहान मुलांसह मत्स्यालयात

शाळेची सहल मत्स्यालयाच्या दाराशी येऊन थांबते. साठ-सत्तर मुलांची रांग लागते. ‘पुढे चला, पुढे चला’ असा पुकारा होत राहतो आणि अर्ध्या तासात सगळी मुले दुसऱ्या दाराने बाहेर पडतात. बाहेर आल्यावर एखाद्या पाच-सहा वर्षांच्या मुलाला काय पाहिलेस असे विचारावे, तर ते पुढच्या मुलाच्या पाठीवरील दप्तराचे वर्णन करते किंवा दाराबाहेरच्या कुल्फीच्या गाडीचे. यात मुलाचा दोष नाही. जे त्याच्या डोळ्यांसमोरून धावत गेले, ते त्याने पाहिले असे म्हणता येत नाही.

मत्स्यालयाची भेट हा बालकांच्या शिक्षणाचा एक उत्तम प्रसंग होऊ शकतो. मात्र त्यासाठी मोठ्यांनी एक गोष्ट मनाशी ठरवावी लागते. लहान मुलांना सर्व काही दाखवण्याचा मोह सोडून, थोडेच दाखवावे आणि निवांतपणे दाखवावे. चाळीस टाक्या पंधरा मिनिटांत पाहणाऱ्या मुलापेक्षा चार टाक्यांसमोर पाऊण तास रमलेले मूल अधिक शिकून घरी जाते. शिक्षक, पालक, पंचायतींचे सदस्य आणि सहलींना मंजुरी देणारे अधिकारी यांनी या दृष्टीने कोणती पूर्वतयारी करावी, प्रत्यक्ष टाकीसमोर काय दाखवावे आणि परतल्यावर काय करावे, याचा विचार येथे केला आहे.

मत्स्यालयांची वाटचाल

लोकांना पाहण्यासाठी खुले असलेले पहिले मत्स्यालय १८५३ मध्ये लंडनच्या प्राणिसंग्रहालयात सुरू झाले. बंद टाकीत पाणी, वनस्पती आणि जलचर यांचा समतोल राखता येतो, हे तोपर्यंत शास्त्रज्ञांच्या ध्यानात आले होते. त्यापूर्वी पाण्याखालचे जग कोळी आणि पाणबुडे यांनाच काय ते ठाऊक होते. इतरांना मासा दिसे तो जाळ्यात, बाजारात किंवा पानात.

महाराष्ट्रात ‘मत्स्यालय’ म्हटले की मुंबईचे तारापोरवाला मत्स्यालय आठवते. मरीन ड्राइव्हवरील ही वास्तू १९५१ मध्ये उभी राहिली. तिच्यासाठी मोठी देणगी देणारे पारशी दानशूर डी. बी. तारापोरवाला यांचे नाव तिला देण्यात आले आणि तिचे उद्घाटन राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले. मत्स्यव्यवसाय विभागाच्या या मत्स्यालयाने मुंबईकरांच्या आणि राज्यभरातून सहलीला येणाऱ्या मुलांच्या अनेक पिढ्यांना समुद्राचे अंतरंग प्रथम दाखविले. नूतनीकरणानंतर २०१५ मध्ये ते नव्या रूपात खुले झाले. डोक्यावरून मासे जाताना दिसावेत असा पारदर्शक बोगदाही त्या वेळी तेथे आला. पुढे २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे त्याचे दरवाजे बंद झाले आणि त्यानंतरची काही वर्षे ते बंदच राहिले. त्यामुळे कोणतीही सहल ठरविण्यापूर्वी ते ठिकाण खुले आहे किंवा नाही, याची चौकशी अवश्य करावी.

कोकणात रत्नागिरी येथे डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाचे सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे. तेथील मत्स्यालय आणि संग्रहालय लहान मुलांच्या दृष्टीने विशेष सोयीचे, कारण ते आटोपशीर आहे. जिवंत माशांच्या टाक्यांबरोबरच जतन केलेले जलचर तेथे पाहता येतात. देवमाशाचा पन्नास फुटांहून अधिक लांबीचा सांगाडा तर मुलांना खिळवून ठेवतो. या सांगाड्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मुलांना चालावयास सांगावे आणि आपली पावले मोजावयास लावावी. ‘खूप मोठा’ या शब्दाचा अर्थ पायांनी मोजल्यावरच त्यांना उमगतो. देवमासा हा नावाने मासा असला तरी तो मासा नव्हे. तो फुप्फुसांनी श्वास घेतो आणि पिलांना दूध पाजतो, हेही त्याच वेळी सांगता येते.

मुलाच्या उंचीवरून

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मध्ये वय वर्षे ३ ते ८ हा शिक्षणाचा पायाभूत टप्पा मानला आहे. या वयातील मूल ऐकून कमी आणि पाहून, हाताळून, प्रश्न विचारून अधिक शिकते. हा विचार महाराष्ट्राला नवीन नाही. ताराबाई मोडक यांनी १९४५ मध्ये समुद्रकाठच्या बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्राचे काम सुरू केले. पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्या साथीने हे काम वाढले. शिंपले, खडे, पाने, बिया अशा परिसरातील वस्तू हेच तेथील शैक्षणिक साहित्य होते. गुरे राखणाऱ्या मुलांसाठी तर शाळाच कुरणात नेण्यात आली. परिसर हेच पुस्तक, ही त्या कार्याची शिकवण मत्स्यालयालाही लागू पडते.

मुलांना नेण्यापूर्वी शिक्षकांनी एकदा स्वतः मत्स्यालय पाहून यावे आणि शक्य झाल्यास एखाद्या टाकीसमोर गुडघ्यांवर बसून पाहावे. मोठ्या माणसाच्या डोळ्यांसमोर टाकीचा मध्यभाग येतो, तर चार वर्षांच्या मुलापुढे पुष्कळदा टाकीखालची भिंत असते. कोणत्या टाक्या मुलांच्या उंचीला आहेत, बसावयास जागा कोठे आहे, पाणी आणि स्वच्छतागृह कोठे आहे, याची नोंद करून घ्यावी. मग चार किंवा पाचच टाक्या निवडाव्यात.

मत्स्यालयाचे दालन मुद्दाम काळोखे ठेवलेले असते. टाकीत उजेड आणि बाहेर अंधार असला की काचेवर आपलीच प्रतिबिंबे पडत नाहीत आणि मासे स्पष्ट दिसतात. मोठ्यांना हे जाणवतही नाही, परंतु तीन-चार वर्षांच्या मुलाला त्या अंधाराची भीती वाटू शकते. ‘आत थोडा काळोख असेल आणि मग खिडकीसारखा उजेड दिसेल’, एवढे आधी सांगितले तरी ही भीती बरीच ओसरते. तरीही एखादे मूल घाबरले, तर त्याला दटावू नये किंवा ओढून पुढे नेऊ नये. दाराजवळच्या पहिल्या टाकीसमोर त्याचा हात धरून थांबावे. त्या दिवशी त्याने एकच टाकी पाहिली तरी पुरे.

जाण्यापूर्वीची तयारी

बालवाडी व पहिली-दुसरीच्या मुलांसाठी दर पाच मुलांमागे एक मोठे माणूस असावे. शिक्षकांची संख्या अपुरी असल्यास पालक, अंगणवाडी सेविका किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या सदस्यांना सोबत घ्यावे. प्रत्येक गटाने आपापल्या गतीने फिरावे, सगळ्यांची मिळून एकच लांब रांग करू नये. सुट्टीचा दिवस आणि दुपारची गर्दी टाळून सकाळी उघडतानाची वेळ साधावी. मुलांचे खाणे दालनात जाण्यापूर्वीच उरकावे. भुकेलेल्या मुलाला मासा दाखवून उपयोग नसतो.

आदल्या दिवशी वर्गात माशाचे एक चित्र काढून घ्यावे. हे चित्र दुरुस्त करू नये, तसेच जपून ठेवावे. त्याचा उपयोग परतल्यावर होणार आहे. शिवाय मुलांना शोधावयास दोन-तीन प्रश्न द्यावेत. मासा झोपतो तेव्हा डोळे मिटतो का? मासा सारखे तोंड का उघडतो? तळाशी कोण बसलेले दिसते? प्रश्न घेऊन गेलेले मूल काचेपाशी थांबते. प्रश्नाविना गेलेले मूल पुढच्या टाकीकडे धावते.

टाकीसमोर काय दाखवावे

पहिल्या टाकीसमोर काही सांगू नये. दोन मिनिटे मुलांना नुसते पाहू द्यावे. मग हळूहळू त्यांचे प्रश्न येतात आणि त्यांपैकी पहिला बहुधा ‘मासा सारखे पाणी का पितो?’ हा असतो. येथे उत्तराची घाई करू नये. माशाचे तोंड उघडले की डोक्याच्या बाजूचे झाकण काय करते, ते पाहावयास सांगावे. तोंड मिटते तेव्हा झाकण उघडते, हे मुले स्वतःच शोधतात. तोंडातून आत आलेले पाणी कल्ल्यांवरून वाहत बाहेर पडते आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू कल्ले शोषून घेतात. मासा पीत नसून श्वास घेत आहे, हे कळल्यावर मुले आपल्या छातीवर हात ठेवून पाहतात. शिकणे म्हणतात ते हेच.

यातलीच पुढची गंमत थोड्या मोठ्या मुलांना सांगता येईल. समुद्रातील हाडांचे मासे खरोखरच पाणी पितात. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. या खारटपणामुळे माशाच्या अंगातील पाणी सतत बाहेर ओढले जाते. ते भरून काढण्यासाठी तो पाणी पितो आणि जादा क्षार बाहेर टाकतो. नदीतल्या माशाची अडचण नेमकी उलट असते. पाणी त्याच्या अंगात आपोआप शिरते, म्हणून ते पिण्याची त्याला गरजच नसते. नदीचा मासा समुद्रात आणि समुद्राचा मासा नदीत सहसा का जगत नाही, याचे कारण यात आहे.

डोळ्यांचा प्रश्न सोपा आहे. बहुतेक माशांना पापण्या नसतात. ते विश्रांती घेतात ते डोळे उघडे ठेवूनच. पाकट आणि लेप यांच्या टाकीसमोर तळाकडे लक्ष वेधावे. वाळूचाच रंग अंगावर घेतलेला लेप प्रथम दिसतच नाही. ‘कोणाला सापडतो पाहू’ एवढे म्हटले की मुले स्तब्ध होतात. लेपाचे दोन्ही डोळे शरीराच्या एकाच बाजूला असतात. जन्मताना मात्र ते इतर माशांसारखेच दोन बाजूंना असतात आणि वाढीच्या काळात एक डोळा सरकत दुसऱ्या बाजूला येतो. तळाशी एका कुशीवर पडून राहणाऱ्या माशाला खालच्या बाजूच्या डोळ्याचा उपयोग तो काय?

समुद्रघोडा पाहताना मुलांना विशेष नवल वाटते, कारण त्यांच्यात पिलांचा भार पिता वाहतो. मादी आपली अंडी नराच्या पोटावरील पिशवीत घालते आणि पिले त्या पिशवीतून बाहेर पडतात. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेला विदूषक मासा २००३ च्या एका चित्रपटामुळे मुलांमध्ये ‘निमो’ या नावाने प्रसिद्ध आहे. त्याचे घर म्हणजे समुद्रफुलाच्या दंश करणाऱ्या शुंडिका. त्याच्या अंगावरील बुळबुळीत आवरणामुळे त्याला दंश बाधत नाही आणि शत्रू मात्र जवळ फिरकत नाहीत.

काचेवर टकटक करण्याची इच्छा प्रत्येक मुलाला होते. नुसते ‘हात लावू नका’ म्हटल्याने ती जात नाही, कारण सांगितल्याने जाते. हवेतून ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर वेगाने जातो, पाण्यातून सुमारे १,५०० मीटर वेगाने. शिवाय माशाच्या दोन्ही बाजूंवर पार्श्वरेखा नावाचे इंद्रिय असते आणि पाण्यातील बारीकसारीक हालचालही तिला जाणवते. लहान मुलाला एवढे आकडे नकोत. त्याला रिकाम्या पत्र्याच्या डब्याजवळ कान लावावयास सांगून बाहेरून एक टिचकी मारावी. काचेवरची टकटक आत कशी लागत असेल, हे त्याला लगेच कळते. छायाचित्र घेताना दिव्याचा लखलखाट टाळावा, हे मोठ्यांनीही पाळले पाहिजे.

पाणी जिवंत ठेवणारी माणसे

माशांबरोबरच त्यांची निगा राखणारी माणसेही मुलांना दिसली पाहिजेत. मत्स्यालयाच्या अधिकाऱ्यांना आधी पत्राने विनंती केल्यास एखादा कर्मचारी मुलांशी पाच मिनिटे बोलू शकतो. टाकीतले पाणी स्वच्छ दिसले म्हणजे ते माशांना मानवते असे नाही. माशांच्या विष्ठेतून व उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो आणि तो माशांना घातक असतो. गाळणीतील रेती-खड्यांवर वाढणारे सूक्ष्म जीवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. पाण्यात हवा सोडणारे पंप अहोरात्र चालू ठेवावे लागतात. वीज गेली आणि पर्यायी व्यवस्था नसली, तर काही तासांत टाकीतील जीवांवर संकट येते. नदीत हे काम वाहते पाणी, पाणवनस्पती, रेती आणि खडक फुकट करीत असतात. टाकीसाठी मनुष्याला किती खटाटोप करावा लागतो हे पाहिलेल्या मुलाला, नदीत रेती का असावी आणि घाण का नसावी, हे निराळे शिकवावे लागत नाही.

मोठे मत्स्यालय दूर असेल तर

विदर्भ, मराठवाडा किंवा खानदेशातील एखाद्या गावाहून लहान मुलांना मुंबई-रत्नागिरीपर्यंत नेणे नेहमीच शक्य नसते, आणि पाच वर्षांच्या मुलांसाठी रात्रभराचा प्रवास योग्यही नव्हे. परंतु मत्स्यालयाचा हेतू जवळपासही साधता येतो. राज्यात ठिकठिकाणी, विशेषतः धरणांच्या परिसरात, मत्स्यबीज केंद्रे आहेत. तेथे पावसाळ्यात कटला, रोहू आणि मृगळ यांचे बीज तयार होते. डोळ्यांना जेमतेम दिसणारे मत्स्यजिरे, त्यापुढचे मत्स्यबीज आणि बोटाएवढी मत्स्यबोटुकली अशा वाढीच्या पायऱ्या मुलांना एकाच भेटीत पाहता येतात. असे दृश्य मोठ्या मत्स्यालयातही सहसा मिळत नाही.

हे मासे वाहत्या नदीत, पुराच्या पाण्यात प्रजनन करतात, साठलेल्या तळ्यात करीत नाहीत. त्यामुळे पूर्वी त्यांचे बीज नद्यांतूनच गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांचे सहकारी डॉ. के. एच. अलीकुन्ही यांना संप्रेरकांच्या टोचणीने या माशांचे प्रजनन घडविण्यात यश आले. त्या स्मरणार्थ १० जुलै हा राष्ट्रीय मत्स्य शेतकरी दिन म्हणून पाळला जातो. या सुमारास मत्स्यबीज केंद्रे गजबजलेली असतात, तेव्हा भेटीसाठी हा काळ उत्तम. कटला पाण्याच्या वरच्या थरात, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी आपले अन्न शोधतो. एकाच तळ्यात तिघे सुखाने कसे नांदतात, ही गोष्ट बालवाडीतील मुलालाही कळते. मात्र येथील हौद उघडे असतात. मुलांना काठापासून दूर ठेवावे आणि प्रत्येक गटाची जबाबदारी एका मोठ्या माणसावर नेमून द्यावी.

परतल्यानंतर

सहलीचे खरे फलित दुसऱ्या दिवशी वर्गात दिसते. मुलांना पुन्हा माशाचे चित्र काढावयास सांगावे आणि आधीचे चित्र शेजारी ठेवावे. कल्ल्याचे झाकण, पर, शेपटीचा आकार असे काही तरी नवे त्यात आलेले असेल. त्याबद्दल गुण देऊ नयेत, बोलावयास लावावे.

मग गावच्या पाण्याकडे वळावे. पुष्कळ गावांतील विहिरी व टाक्यांत आरोग्य विभागामार्फत गप्पी मासे सोडले जातात. ते डासांच्या अळ्या खातात. काचेच्या बरणीत गप्पी मासे आणि थोड्या अळ्या ठेवून हे मुलांना प्रत्यक्ष दाखविता येते. त्याच वेळी एक खबरदारीही सांगावी. गप्पी हा मूळचा दक्षिण अमेरिकेतील मासा आहे, म्हणून तो बंदिस्त पाण्यातच असावा, नदी-ओढ्यात सोडू नये. घरच्या शोभेच्या टाकीतील माशांनाही हाच नियम लागू आहे. टाकीची काच साफ करणारा म्हणून विकला जाणारा, तोंडाने चिकटून बसणारा सकर मासा हाही दक्षिण अमेरिकेतलाच. कंटाळलेल्या हौशी लोकांनी तो पाण्यात सोडून दिल्यामुळे आज देशातील अनेक नद्या-जलाशयांत तो पसरला आहे. त्याच्या काटेरी अंगाने मच्छीमारांची जाळी फाटतात. दयाबुद्धीने सोडलेला मासा दुसऱ्यांच्या पोटावर पाय आणू शकतो, हे मुलांना लहानपणीच कळावे.

किनाऱ्यावरील शाळांनी मुलांना एकदा मासळीबाजारही दाखवावा. २०२३ मध्ये महाराष्ट्र शासनाने सरंगा, म्हणजेच पापलेट, हा राज्यमासा म्हणून घोषित केला. मत्स्यालयाच्या टाकीत तो सहसा दिसत नाही, कारण बंदिवासात तो टिकविणे कठीण असते. बाजारात मात्र तो दिसतो आणि पुष्कळदा तो तळहाताहूनही लहान असतो. जो मासा एकदाही अंडी न घालता जाळ्यात येतो, त्याच्यामागे पुढची पिढी राहत नाही. माशांच्या अनेक जातींसाठी पकडण्याचे किमान आकारमान ठरवून देण्यात आले आहे, ते यासाठीच. पावसाळ्यातील मासेमारी बंदीही याच कारणासाठी असते. कोळी समाज नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ अर्पण करून मगच होड्या पाण्यात लोटतो, त्या प्रथेतही हाच संयम दिसतो. लहान मासा मोठा होऊ द्यावा, हे जाणणारे मूल उद्याचा ग्राहक आहे, उद्याचा मच्छीमार आहे आणि उद्याचा पंचायत सदस्यही आहे.

पंचायतींचा वाटा

या कामाला फार पैसा लागत नाही. शैक्षणिक सहलींसाठी एस.टी. महामंडळाकडून प्रवासभाड्यात सवलत मिळते, तिचा लाभ घ्यावा. गावतळे मासेमारीसाठी ठेक्याने दिलेले असेल, तर मत्स्यबीज सोडण्याच्या दिवशी ठेकेदार संस्थेशी बोलून मुलांना काठावर सुरक्षित जागी बोलवावे. सहलीला मंजुरी देताना अधिकाऱ्यांनी किती ठिकाणे पाहणार यापेक्षा किती मोठी माणसे सोबत आहेत आणि प्रत्येक ठिकाणी किती वेळ देणार, हे विचारावे. एका दिवसात पाच ठिकाणे दाखविणारी सहल मोठ्यांच्या समाधानासाठी असते, मुलांसाठी नव्हे.

मत्स्यालयाची काच ही एक खिडकी आहे. तिच्यातून मूल पाण्यात डोकावते तेव्हा मासाही आपल्यासारखाच श्वास घेतो, विसावतो, लपतो, पिलांना सांभाळतो, हे त्याला प्रथमच उमगते. ही ओळख धावतपळत होत नाही. तिच्यासाठी मोठ्या माणसाने मुलाच्या शेजारी थोडे खाली बसावे लागते आणि त्याचे पाहून होईपर्यंत थांबावे लागते. एवढे केले, तर घरी परतताना पुलावरून एस.टी. जाऊ लागली की ते मूल खिडकीतून खाली नदीकडे पाहील आणि विचारील, ‘यात कोण राहते?’ या प्रश्नाचे उत्तर ‘कोणी नाही’ असे देण्याची पाळी आपल्यावर येऊ नये, ही जबाबदारी मात्र आपणा मोठ्यांची आहे.